आईची लाल केमो आणि तळहातांचं कोडं

मधुरा_डीबी
नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय आणि विषय जरा जड आहे.

आई ६६ वर्षांची. अंडाशयाचा कर्करोग. पहिली केमो झाल्यावर सव्वा वर्ष छान गेलं, आता परत डोकं वर काढलंय. या वेळी डॉक्टरांनी लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन सांगितलंय, चार आठवड्यांनी एकदा. दादा बंगलोरला असतो. त्याने फोनवर सांगून टाकलं, "अगं, हे नॅनो आहे. सरळ गाठीवर जाऊन बसतं, बाकी शरीराला धक्काही लागत नाही." आई खूश.

मग डे-केअरच्या सिस्टर सूचनांचा कागद घेऊन आल्या. निदान तीन-चार दिवस गरम पाण्यात हात घालायचे नाहीत, भांडी घासायची नाहीत, घट्ट चप्पल नको, तळहात-तळपाय चोळायचे नाहीत. "आणि भाकरी थापायची नाही हं मासी," हे त्यांनी आईच्या हातांकडे बघून आपल्या मनाने जोडलं. आईच्या उजव्या तळव्याला पन्नास वर्षांच्या बाजरीच्या भाकऱ्यांचा घट्टा आहे.

माझा साधा प्रश्न. औषध सरळ गाठीवर जातं, तर मध्येच तळहात कुठून आले? डॉक्टरांना विचारलं, ते "होतं काहींना असं" म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे वळले. इथे औषधांतली माणसं आहेत म्हणून विचारतेय. सोप्या मराठीत सांगा, आईला वाचून दाखवायचंय.

शेवउसळ_जिंदाबाद
काकूंना लवकर बरं वाटो. विषयातलं काही कळत नाही, पण धागा वर राहावा म्हणून लिहितोय.

जुना_फार्मसीवाला
मधुरा, मी डॉक्टर नाही. इंजेक्शनं बनवण्याच्या कामात चौतीस वर्षं गेली, त्यामुळे बाटलीच्या आतलं सांगू शकतो. उपचाराचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

डॉक्सोरुबिसिन हे जुनंच औषध. लालभडक. साधं डॉक्सोरुबिसिन शिरेतून दिलं की सगळीकडे पसरतं: गाठीत, केसांच्या मुळांत, तोंडाच्या आतल्या त्वचेत आणि हृदयाच्या स्नायूतही. हृदयाचं नुकसान साठत जातं, म्हणून आयुष्यभरात किती द्यायचं याला मर्यादा असते, शरीराच्या दर चौरस मीटरमागे साधारण ४५० ते ५५० मिलिग्रॅम. गाठ हटत नसली तरी त्या आकड्यापाशी थांबावं लागतं.

आता लायपोसोम. चरबीच्या जातीचे काही रेणू पाण्यात टाकले की ते आपोआप दुहेरी भिंतीचे पोकळ फुगे करतात. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये ॲलेक बँगम यांना हे फुगे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. आईच्या बाटलीतला फुगा ८० ते १०० नॅनोमीटरचा असतो (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). आपली तांबडी पेशी ७,००० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे अंदाज आला असेल. एकेका फुग्यात औषधाचे दहा हजारांवर रेणू कोंबलेले असतात, इतके की आत त्यांचे स्फटिक होतात. बाहेरून पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या धाग्यांची झूल. ती असली की यकृतातल्या झाडूवाल्या पेशी फुग्याला चटकन ओळखत नाहीत आणि तो रक्तात फिरत राहतो. निम्मा माल रक्तातून जायला दोन दिवसांहून जास्त लागतात. अमेरिकेत १९९५ साली डॉक्सिल नावाने याला मान्यता मिळाली. नॅनो म्हणावं असं तिथलं हे पहिलं औषध.

मग गाठीत जातं कसं? गाठ घाईघाईने वाढते, त्यामुळे तिच्या रक्तवाहिन्या म्हणजे रातोरात उठवलेलं बेकायदा बांधकाम. भिंतींना फटी, आणि सांडपाण्याची सोयच नाही. फिरता फिरता फुगे फटींतून आत पडतात, आणि निचरा नसल्यामुळे तिथेच साचतात. १९८६ साली जपानमध्ये मात्सुमुरा आणि माएदा यांनी हे मांडलं. यात नेम धरणं कुठे आलं? फुगा कोणाला शोधत नाही. वाट सापडेल तिथे सांडतो.

आणि तुझं कोडं इथेच सुटतं. दोन-तीन दिवस रक्तात फिरणारी वस्तू जिथे दाब पडतो, ऊब असते, घाम येतो, तिथल्या बारीक केशवाहिन्यांतूनही थोडी थोडी झिरपते. तळहात, तळपाय, चपलेचा पट्टा लागतो ती जागा. गरम पाण्याने वाहिन्या फुलतात, भाकरी थापताना दाब पडतो. सिस्टरबाईंनी भाकरीचं स्वतःहून सांगितलं, त्यांना माझा नमस्कार कळव.

मधुरा_डीबी
काका, खूप आभार. आईला वाचून दाखवलं. "बेकायदा बांधकाम" ऐकून हसली. "मग महापालिकेला कळवा," म्हणाली.

पण दादाला मी काय सांगू? तो म्हणतो गाठीतच जातं. किती टक्के जातं असा काही आकडा आहे का?

जुना_फार्मसीवाला
आहे. ऐकून घाबरू नकोस. २०१६ साली कॅनडातल्या टोरांटोच्या एका गटाने मागच्या दहा वर्षांचे प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र केले. टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोचणारा हिस्सा, मध्यक (ओळीने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) काढला तर, ०.७ टक्के. शंभरात एकही नाही. त्यावर आमच्या क्षेत्रात बरीच हमरीतुमरी झाली. मोजायची ही रीतच चुकीची, असंही अनेकजण म्हणतात. पण "सरळ गाठीवर जातं" हे वाक्य त्यानंतर माझ्या तोंडून कधी निघालं नाही.

प्रतापगंज_पोरगा
मी विद्यापीठात फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला आहे. काका, ०.७ टक्के म्हणजे मग हा सगळा खटाटोप कशासाठी? आम्हाला तर पहिल्याच लेक्चरला "टार्गेटेड" शिकवलं.

जुना_फार्मसीवाला
कशासाठी ते मधुराच्या आईच्या इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टमध्ये दिसेल. हृदयाच्या वाहिन्यांच्या भिंती धड असतात, त्यांतून १०० नॅनोमीटरचा फुगा सहजी बाहेर पडत नाही. साधं औषध मात्र पडतं. म्हणून हृदय बरंच वाचतं. मळमळ आणि केस गळणंही सहसा कमी. त्याची किंमत तळहातांनी मोजायची, असा हा व्यवहार आहे. तुमच्या लेक्चरमध्ये टार्गेटेड म्हणतात तिथे मी मनातल्या मनात "आवरलेलं" म्हणतो.

खऱ्या अर्थाने नेम धरायचे प्रयत्न झालेत. कणाच्या अंगावर प्रतिपिंड (अँटीबॉडी) किंवा एखादा रेणू चिकटवायचा, तो गाठीच्या पेशीवरचं कुलूप ओळखेल, अशी कल्पना. काचेच्या बशीत झकास चालतं. रक्तात शिरल्या शिरल्या त्या कणावर आपलीच प्रथिनं येऊन बसतात आणि किल्ली झाकली जाते. अमेरिकेतली बाइंड नावाची कंपनी याच वाटेने माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचली आणि २०१६ साली दिवाळखोरीत गेली.

गंमत म्हणजे सगळ्यात सुंदर नेम लागला तो हट्ट सोडल्यावर. बहुतेक नॅनोकण शेवटी यकृतातच जातात ना? मग यकृतातलाच आजार धरा. पॅटिसिरान हे औषध, अमेरिकेत २०१८ची मान्यता. यकृतात एक बिघडलेलं प्रथिन तयार होऊन नसांत साचतं, ते बनवण्याचा निरोपच हे औषध तोडतं. त्यातला मेदाचा कण रक्तातलं एक प्रथिन अंगावर चढवतो आणि त्या वेषात यकृताच्या पेशी त्याला आपला समजून आत घेतात. आधी जे झाकण अडचणीचं होतं, तेच इथे ओळखपत्र झालं. पुढे कोविडच्या एमआरएनए लशी आल्या त्या याच घराण्यातल्या कणांत बसून. (आपल्यापैकी बहुतेकांनी घेतलेल्या कोविशील्ड, कोवॅक्सिनमध्ये हे मेदकण नव्हते. व्हॉट्सॲपवर अजून फिरतंय म्हणून सांगून ठेवतो.)

आरोग्यम्_९
इतकं सगळं विषारी घेण्यापेक्षा आमच्याकडे नॅनो हळद कॅप्सूल आहेत. सोन्याच्या नॅनो भस्मासह. कर्करोगाच्या पेशी मुळापासून नष्ट. मधुराबेन, संपर्क करा: [क्रमांक काढून टाकला आहे – व्यवस्थापन]

लॅबवाला_मंग्या
आलेच. कर्करोगाचा धागा निघाला की बारा तासांच्या आत येतात हे.

जुना_फार्मसीवाला
हळद पोटातून फारशी शोषली जात नाही हे खरं, आणि तिचे बारीक कण केले की जास्त शोषली जाते हेही खरं. पण जास्त शोषली गेली म्हणजे गाठ विरघळली असं होत नाही. उलट शोषण वाढवलेल्या हळदीच्या कॅप्सूलांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. केमो चालू असताना यकृताशी खेळ नको. २०१९च्या ऑक्टोबरात केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने नॅनो औषधं कशी तपासायची याची मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. कणाचा आकार किती, टिकतो किती, शरीरात कुठे साचतो, सगळं दाखवावं लागतं. यांच्या डबीवर यातलं काही लिहिलेलं असेल तर फोटो टाकावा.

(पुढे फोटो आला नाही, हे दोन दिवसांनी संपादन करून लिहितोय.)

लॅबवाला_मंग्या
सोन्याचा विषय निघालाच आहे तर माझं घोडं दामटतो. भस्माचं मला माहीत नाही, पण नॅनो सोनं मी रोज हाताळतो. तुम्हीही हाताळलंय, प्रत्येकाने.

कोविडची घरगुती किट आठवा. गरोदरपणाची पट्टी आठवा. पावसाळ्यात डेंग्यूची एनएस-१ची कार्डं तर आमच्याकडे ढिगाने लागतात. त्यातली लाल रेघ हा शाईचा रंग नाही. बहुतेक किटमध्ये ते सोनं आहे.

काल एक मुदत संपलेलं कार्ड नखाने उकलून पाहिलं, तुमच्यासाठी वर्णन करतो. प्लास्टिकच्या दोन टरफलांत एक अरुंद पट्टी. थेंब टाकतो तिथे कापसासारखा तुकडा. त्याच्या पुढे एक फिकट जांभळट-लाल तुकडा, बीट चिरल्यावर फळीवर डाग राहतो तसा. यात साधारण ४० नॅनोमीटरचे सोन्याचे कण वाळवून ठेवलेले असतात, आणि प्रत्येक कणाला प्रतिपिंडं चिकटवलेली. त्याच्या पुढे पांढरी स्वच्छ पट्टी, आणि शेवटी ओढून घेणारा टिपकागद. बस. बॅटरी नाही, यंत्र नाही.

रक्ताचा थेंब पडला की सोनं भिजून वाहायला लागतं. डेंग्यूचं प्रथिन असेल तर ते सोन्याच्या कणाला चिकटतं. पुढे टी (टेस्ट) रेघेवर दुसरी प्रतिपिंडं दबा धरून असतात, ती त्याच प्रथिनाला दुसऱ्या बाजूने पकडतात. लाखो कण एका ओळीत अडकले की रेघ दिसते. प्रथिन नसेल तर सोनं तसंच पुढे जातं आणि सी (कंट्रोल) रेघेवर थांबतं. सी रेघच आली नाही तर कार्ड वाया, निकाल नाही.

सोनं लाल का? एवढ्या बारीक कणावरचे इलेक्ट्रॉन उजेडासोबत झुलतात आणि हिरवा भाग गिळतात, उरतो तो लाल. तेच कण एकमेकांना चिकटून गठ्ठा झाला की निळसर होतात. फॅरडेने १८५७ साली असं लाल सोन्याचं पाणी केलं होतं, त्याच्या बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून ठेवलेल्या आहेत.

शेवउसळ_जिंदाबाद
म्हणजे कोविडमध्ये मी वीसेक किट कचऱ्यात टाकल्या त्या मांडवीच्या सराफाकडे न्यायला हव्या होत्या?

लॅबवाला_मंग्या
नेल्या असत्यास तर त्याने तुला चहा पाजला असता. एवढ्याच किमतीचं सोनं.

वाघोडिया_रोड
मंगेशभाऊ, मग शुगरच्या पट्टीतही सोनंच का? बाबांच्या दंडावर ते सतत शुगर मोजणारं गोल बटण लावलंय, तेही नॅनो का?

लॅबवाला_मंग्या
नाही, तिथे गल्लत नको. शुगरच्या पट्टीचं मुख्य काम एन्झाइम करतं. ग्लुकोजशी त्याची रासायनिक क्रिया होते, त्यातून बारीकसा वीजप्रवाह निघतो, तो यंत्र मोजतं. कल्पना लेलंड क्लार्क यांची, १९६२ची. नॅनो म्हणून मिरवायची गरजच नाही त्याला. बटणाच्या खाली एक केसासारखी तार त्वचेत जाते, काम तेच. फक्त ती रक्तातली साखर न मोजता पेशींभोवतीच्या पाण्यातली मोजते, म्हणून आकडा काही मिनिटं मागे असतो. दसऱ्याला बाबांनी फाफडा-जिलेबी खाल्ली की लगेच बघून "काही वाढली नाही" म्हणून दुसरी प्लेट घेऊ देऊ नका.

कार्डांबद्दल एक मात्र सांगतो, कारण रोज हेच निस्तरतो. कार्ड खोटं सहसा बोलत नाही, आपण ते चुकीच्या वेळी वाचतो. एक बाई रात्री केलेली गरोदरपणाची पट्टी सकाळी रुमालात गुंडाळून घेऊन आल्या, पुसट रेघ होती. ती वाळल्यावर उमटलेली रेघ, तिला अर्थ नाही. पाकिटावर जेवढी मिनिटं लिहिलीत तेवढ्यातच बघायचं. आणि उलटंही होतं. छातीत दुखायला लागून तासच झालाय आणि ट्रोपोनिनचं कार्ड कोरं आलं, म्हणून माणूस घरी जायला निघतो. ट्रोपोनिन म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात येणारं प्रथिन, ते वाढायला काही तास लागतात. सोन्याने पकडायला तिथे आधी काही असायला तर हवं! कोऱ्या कार्डावर विसंबून कोणी घरी जाऊ नका. ईसीजी आणि परत तपासणी, दोन्ही करून घ्या.

कारेलीबाग_सुहास
मी सहसा वाचतो, लिहीत नाही. लायपोसोम शब्द बघून लिहावंसं वाटलं.

मे २०२१. बाबा कोविडमधून उठले आणि गालाचा एक भाग बधिर झाला, डोळा सुजला. काळी बुरशी. ऑपरेशन झालं आणि इंजेक्शन लिहून दिलं, लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन-बी. बाबांचं वजन ५८ किलो, किलोमागे रोज ५ मिलिग्रॅम, बाटली ५० मिलिग्रॅमची. रोज सहा बाटल्या. मी आणि मेव्हणा स्कूटरवर कागदपत्रांची थैली घेऊन फिरत होतो. आधार, रिपोर्ट, डॉक्टरांची चिठ्ठी, सगळ्याच्या चार-चार झेरॉक्स. एका दिवशी दोनच बाटल्या मिळाल्या. डॉक्टर म्हणाले, साधं ॲम्फोटेरिसिन देऊन बघू, पण किडनीवर लक्ष ठेवावं लागेल. तीन दिवस साधं दिलं. थंडी वाजून पलंग हलायचा, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) १.१ वरून २.४ वर गेलं. मग फुग्यातलं मिळालं आणि हळूहळू खाली आलं. बाबा आहेत, एक डोळा नाही.

तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं की दोन्ही औषधं एकच आहेत, फक्त एक चरबीच्या फुग्यात आहे. काका, फरक एवढा का पडतो?

जुना_फार्मसीवाला
सुहास, वाचून पाच मिनिटं थांबलो.

ॲम्फोटेरिसिन बुरशीच्या पेशीपटलातल्या एर्गोस्टेरॉलला धरून भोकं पाडतं. आपल्या पेशींत त्याचा चुलतभाऊ असतो, कोलेस्टेरॉल. साधं औषध त्यालाही थोडं धरतं, आणि सगळ्यात जास्त भोगते किडनी. लायपोसोममध्ये औषध फुग्याच्या भिंतीतच घट्ट बसलेलं असतं. फुगा बुरशीला चिकटल्यावर ते तिकडे सरकतं, वाटेत किडनीला कमी सुटतं. इथे गाठीपेक्षा हिशेब सरळ आहे.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या गटाने हे लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन देशातच विकसित केलं होतं, कोविडच्या कितीतरी आधी. ज्ञान इथे होतं. २०२१च्या मे महिन्यात कमी पडल्या त्या बाटल्या. फुगे करणं म्हणजे गोळी दाबण्यासारखं नाही. आकार एकसारखा हवा, सगळं निर्जंतुक हवं, आणि गाळणीतून काढताना फुगे फुटता कामा नयेत. मागणी एका महिन्यात कैक पटींनी वाढली तर कारखाना तसा वाढत नाही.

उलटी बाजूही आपल्या लोकांनी पाहिली आहे. २०१२ साली अमेरिकेत डॉक्सिलचा तुटवडा पडला, तेव्हा तिथल्या औषध प्रशासनाने सन फार्माचं लायपोडॉक्स तात्पुरतं आयात करू दिलं. पुढच्या वर्षी त्यांच्या लायपोसोमल डॉक्सोरुबिसिनला तिथे रीतसर मान्यता मिळाली. त्यांचं संशोधन केंद्र आपल्या बडोद्यात तांदळजाला आहे, त्यामुळे तेव्हा गावात औषधवाल्यांची मान जरा ताठ होती. माझा त्यात हात नाही, मी शेजारच्या गल्लीतला.

प्रतापगंज_पोरगा
काका, हे आमच्या पुस्तकात नाही. एकदा विभागात येऊन बोलाल का?

जुना_फार्मसीवाला
गुडघे बरे असतील त्या दिवशी. जिना किती मजले?

मधुरा_डीबी
मंडळी, मंगळवारी आईचा पहिला डोस झाला, कळवते.

सलाईन खरोखर लाल. लाल म्हणजे कोकमाच्या सरबतासारखी, पण गढूळ. साधी डॉक्सोरुबिसिन शेजारच्या खाटेवरच्या ताईंना चालू होती, ती काचेसारखी स्वच्छ लाल. दोन्ही बाटल्या शेजारी बघितल्या आणि काकांचे फुगे डोळ्यांनी दिसल्यासारखं वाटलं.

सुरू करून पाच मिनिटं झाली नसतील, आईचा चेहरा लाल झाला आणि "पाठीत कळ येतेय" म्हणाली. मी उठेपर्यंत सिस्टरने नळी बंद केली होती. इंजेक्शन दिलं, अर्धा तास थांबून अगदी सावकाश परत सुरू केलं, मग काही झालं नाही. नंतर डॉक्टर स्वतः आले, या वेळी बसले. पहिल्या डोसला काहींना अशी रिॲक्शन येते, शरीर त्या फुग्यांवर खवळतं, म्हणूनच सुरुवात हळू करतात, म्हणाले. हातात बर्फाच्या पिशव्या धरायला दिल्या होत्या. आईने दहा मिनिटांनी खाली ठेवल्या, "बोटं माझीच आहेत ना" म्हणून.

आज सहावा दिवस. तळवे किंचित लालसर, अळता लावून पुसल्यासारखे. सोललेलं नाही. फोटो हॉस्पिटलला पाठवलाय, क्रीम चालू ठेवा म्हणाले. इको चांगला आलाय. दादाला हा धागा पाठवला. त्याने उत्तरात फक्त अंगठा पाठवला.

भाकरी सध्या मी करतेय. आई ओट्याशी स्टुलावर बसून बघते. काल म्हणाली, "कडा फाटतायत."

वाघोडिया_रोड
बाजरीचं पीठ गरम पाण्यात भिजवून चांगलं मळा, कडा फाटणार नाहीत. पाणी तुम्हीच ओता, काकूंना हात लावू देऊ नका.

लॅबवाला_मंग्या
आणि दुसऱ्या डोसच्या आधी रक्ताचे रिपोर्ट होतील, त्यातलं काही कळलं नाही तर इथे टाका. नाव-पत्ता झाकून.